दर दहा सेकंदांनी

१० मार्च, सोमवार

पुन्हा तेच! ओपीडी सुरू झाली आणि माझा फोन वाजायला लागला. एक्स-रे उघडत नाही, रिपोर्ट नुसता फिरतोय, लॅबचं पान अर्ध्यावर अडकलंय. एक्स-रे विभागाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, पेशंटचं हाड जुळेल, पण फोटो काही यायचा नाही." मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

अख्ख्या हॉस्पिटलचं नेटवर्क माझ्या गळ्यात. चालतं तेव्हा मी इथे आहे हेही कुणाला माहीत नसतं. अडलं की गेटवरच्या वॉचमनलासुद्धा माझा नंबर पाठ!

हे सगळं गेल्या आठवड्यापासून. नेमका त्याच आठवड्यात मामांनी एक्स-रे विभागातला नेटवर्कचा जुना स्विच, म्हणजे सगळ्या केबली जोडायचा डबा, काढून नवा बसवला. दिवसभर कॉरिडॉरमध्ये शिडी, छताच्या फळ्या खाली, लोकांची वळसे घालून ये-जा. त्यामुळे आता सगळ्यांच्या तोंडी एकच — त्या शिडीवाल्यानेच काहीतरी करून ठेवलंय.

मामा म्हणजे आमचे केबलवाले. माझे ते कुणी लागत नाहीत, पण सगळं हॉस्पिटलच त्यांना मामा म्हणतं. तो स्विच मी स्वतः तपासलाय. त्यात काही खोट नाही. पण माझं ऐकतंय कोण!

११ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं. मामांचं कंत्राट महिनाअखेर संपतंय. "या वेळी सही करावी की नाही, विचारात आहे," म्हणे. मी म्हटलं, साहेब, मामांचीच चूक याला पुरावा काय? "मग नाही याचा पुरावा तुम्ही आणा. एवढी सिस्टिम घेऊन दिलीय ना तुम्हाला!"

सिस्टिमचं कौतुक रोज एकदा ऐकावं लागतं. गेल्याच आठवड्यात सुरू झाली. माझ्या खोलीत भिंतभर पडदा. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला ती दर मिनिटाला विचारते — चालू आहेस ना, गर्दी किती, वेग किती, दमलायस का? यंत्र उत्तर देतं, पडद्यावर रेघ पुढे सरकते. साहेबांनी विश्वस्तांना आणून दाखवली, पडद्यापुढे उभं राहून फोटोही काढून घेतला. कुणाला काही कळलं नाही, माना मात्र सगळ्यांनी डोलावल्या.

ठीक आहे. पुरावा तर पुरावा.

१२ मार्च, बुधवार

मिनिटाला एकदा विचारून भागत नाही. मधल्या मधे काय होतं ते निसटतं. अर्ध्या मिनिटावर आणलं.

मामा खोलीत येऊन उभे राहिले. "ताई, माझ्या हातून काही झालं असेल तर सांगा. जुना स्विच परत लावून देतो." म्हटलं, मामा, तुमचं काही नाही. "मग झालं," म्हणाले. पण हलेनात. मग हळूच मामींचा विषय काढला. त्यांच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन असतं, आपल्याच डोळ्यांच्या विभागात, मामांच्या स्टाफ कार्डावर. कंत्राट गेलं की कार्ड गेलं. आता कुठे उजव्या डोळ्याने माणूस ओळखता यायला लागलंय. "परवा मला बघून म्हणते कशी — अगं बाई, तुम्ही म्हातारे झालात की!"

दोघंही हसलो. ते गेल्यावर मला काम सुचेना.

१३ मार्च, गुरुवार

आजच्याइतका वाईट दिवस नाही. दमले. डबा तसाच परत आणला.

१४ मार्च, शुक्रवार

आता दर दहा सेकंदांनी. केबल खोचायचं एकही तोंड, एकही पोर्ट सोडला नाही. म्हटलं, बघू कुठे लपतंय!

त्याने उलटंच झालं. फोन दुप्पट. आणि दुपारी कागद काढून बघते तर सगळ्यांत वाईट रेघा एक्स-रे विभागाच्या. तरी साहेबांकडे घेऊन गेले — खरं ते दाखवायचं म्हणून. त्यांनी कागद एकदाच पाहिला. "झालं की! हाच तर पुरावा."

मामांना वाचवायला गेले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्यावर खापर फोडून आले.

घरीही मी सारखा फोन उचलून रेघा बघते. नवरा म्हणाला, "जरा खाली ठेव गं. तुझ्या बघण्याने का ते बरं होणार आहे?" चिडले त्याच्यावर. उगाच.

१७ मार्च, सोमवार

मामांना उद्यापासून घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत, म्हणे. चौकशी कोण करणार, ते कुणीच सांगत नाही. कार्ड गेटवर जमा करून घेतलं. शुक्रवारी मामींचं इंजेक्शन आहे.

जाताना मला म्हणाले, "तुम्ही जेवत जा वेळेवर." एवढंच.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी येऊन बघते तर पडदा कोरा! दहा-दहा सेकंदांची उत्तरं साठवून डिस्क गच्च भरली आणि सिस्टिम बंद पडली. नेमका आज दिवसभर मीटिंगचा घोळ. संध्याकाळी बघू म्हटलं.

आणि फोन? एकही नाही. कँटीनमध्ये डॉक्टरीणबाई खुशीत — "आज बोट लावायचा अवकाश, फोटो हजर!" साहेब तर मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "बघितलंत? मामा नाहीत आणि नेटवर्क कसं पळतंय. आणखी काय हवंय?"

क्षणभर मलाही वाटून गेलं — मामांनीच तर काही...? वाटलं, म्हणून लिहिते. लाज वाटते.

संध्याकाळी डिस्क रिकामी करून सिस्टिम सुरू केली आणि घरी आले.

१९ मार्च, बुधवार

सकाळपासून पुन्हा बोंब. मामा तर घरी आहेत!

मग कालच्यात आणि आजच्यात फरक कसला? एकच. काल माझी सिस्टिम बंद होती.

बंद केली — फोन थांबले. चालू केली — सुरू. पुन्हा बंद केली, पुन्हा थांबले.

जुन्या इमारतीतला मधला राउटर म्हातारा आहे. सगळे एक्स-रे त्याच्याच हातून पुढे जातात. एरवी कसंबसं झेपतं त्याला. पण ऐन ओपीडीच्या गर्दीत मी त्याला ढीगभर प्रश्न विचारत होते — दमलायस का, दमलायस का! तो उत्तरं देत बसायचा आणि एक्स-रे दाराशी ताटकळायचे. त्याची रेघ रोज लाल दिसायची. मला वाटायचं, एक्स-रे विभागाकडूनच गर्दी येतेय. म्हणून आणखी विचारायचे.

शिडी सगळ्यांना दिसली. माझं करणं कुणाला दिसलं नाही — मलाही नाही. मी काही करत नाहीये, नुसती बघतेय, असंच धरून चालले होते.

२० मार्च, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. बंद-चालूचे आकडे समोर ठेवले. त्यांनी उठून दार लावलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" म्हटलं, नाही. "मग राहू द्या. दर दहा मिनिटांनी विचारायला लावा, विषय संपला. मामांना काढायचं पत्र वर गेलंय. आता विश्वस्तांना काय सांगू — आपण फोटो काढून घेतला त्या सिस्टिमनेच घोळ घातला? आणि मॅडम, तुमचंही नाव येईल त्यात. मामांचं काय, ते कुठेही केबल ओढतील."

मी म्हटलं, बरं. — बरं!

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "तुझी नोकरी गेली तर जड जाईल," म्हणाला. खोटं नाही ते. मग ताटं उचलता उचलता त्यानेच विचारलं, "मामींचं उद्याच ना?"

२१ मार्च, शुक्रवार

मेल पाठवला. चार ओळी — एक्स-रे अडत होते ते माझ्या सिस्टिममुळे, मामांच्या स्विचमध्ये काही दोष नाही, आकडे सोबत, खाली माझं नाव. साहेब, विश्वस्त, डॉक्टर, नर्स, गेट — एकालाही वगळलं नाही.

बटण दाबलं तेवढ्यात सगळीकडे पोहोचलासुद्धा. नेटवर्क झकास चाललंय! पहिलं उत्तर डोळ्यांच्या विभागातून — "मामींना अकराला घेऊन यायला सांगा."

साहेबांचा फोन वाजतोय. वाजू दे. आधी मामांना लावते.