पाठवणाऱ्याचं नाव

रविवार, १२ ऑक्टोबर
दुपार

ती. दादास,
नमस्कार.

नऊ वर्षांनी लिहिते आहे. याला उशीर म्हणायलाही तोंड नाही. मी ठरवून धरलेला अबोला होता तो. त्याची माफी आधीच मागते. तुझी तिन्ही पत्रं मला मिळाली होती. जपून ठेवली आहेत, उत्तर एकालाही दिलं नाही.

'इकडे सगळं ठीक आहे' असं लिहिलं आणि खोडलं. वर दिसेलच. आई वयाच्या मानाने बरी आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला हात लावू देत नाही. "एक पुरे. दोन डोळ्यांनी तुमचे पराक्रम बघवायचे नाहीत," म्हणते. मी त्याच शाळेच्या कार्यालयात आहे, आता हेडक्लार्क. पाठीमागे मला 'लाल पेन' म्हणतात. दाखल्यावर जन्मतारखेत एका आकड्याची खाडाखोड दिसली तरी मी तो परत पाठवते. हे मुद्दाम सांगते आहे.

खारू तेवीस वर्षांची झाली. तू ठेवलेलं नाव टिकून आहे, फक्त गालात शेंगदाणे लपवत नाही. तिचं काम तुला आवडेल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती चित्रपटांखाली अक्षरं लिहिते. माणसं बोलतात ते कुणीही लिहील. ही बाकीचं लिहिते. 'दार करकरतं.' 'शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकतं.' माझ्या हातून भांडं पडलं की आतून ओरडते, "धातूचा आवाज. आई वैतागते!" कंपनी परदेशातली आहे. नोकरी अशी नाही. जेवढं काम तेवढे पैसे, महिन्याच्या शेवटी, त्यांच्या चलनात, मधल्या एका पैसे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. विसाव्या वर्षापासून करते आहे. मी एवढं एका जागी बसून कधी काम केलेलं नाही.

या पत्राचं निमित्त तिचं बँकेचं खातं आहे.

तिची पहिली कमाई आली तेव्हा बँकेने ती अडवून ठेवली. बाहेरून पैसे आले की कुणी, का पाठवले हे लिहून द्यावं लागतं. खारूला त्या दिवशी काम संपवून द्यायचं होतं, म्हणून मीच गेले. काउंटरवरचा माणूस भला होता.

"ताई, पैसे कशाचे?"

"मुलीच्या कामाचे."

"नेमणूकपत्र?"

"नेमणूक नाही. कामागणिक मिळतात."

"मग करारपत्र, महिन्याचं बिल, व्यवसायाची नोंदणी, हिशेबनिसाचा दाखला..." हाताची बोटं संपली तशी त्याने आवाज खाली आणला. "परदेशात जवळचं कोणी आहे का?"

"भाऊ आहे."

"मग झालं की! मामाने भाचीला घरखर्चाला पाठवले. एका खुणेचं काम. संध्याकाळपर्यंत सुटतात."

दादा, मी ती खूण केली. पाठवणाऱ्याचं नाव या रकान्यात तुझं पूर्ण नाव लिहिलं. नातं: मामा. 'पुढील सर्व रकमांसाठी हेच कारण धरावे' या ओळीपुढेही खूण केली, कटकट एकदाच मिटावी म्हणून. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून कागद घरी आणला आणि खारूने फुलीवर सही केली. तिने वाचलाही नाही. आईने भरलेला कागद कोण वाचतं? त्या दिवशीची डायरी काल काढून पाहिली. लिहिलंय: 'बँकेचं काम झालं. रांग लहान होती.' बाकी अक्षर नाही. मला तेव्हा काहीच टोचलं नाही, की टोचलं म्हणून लिहिलं नाही, हे मला आता सांगता येत नाही.

तेव्हापासून एकतीस महिने, कागदावर, तू आमच्या खारूला पोसतो आहेस.

हे फुटलं ते तिच्या प्रामाणिकपणामुळे. कुणी सांगितलं नसताना ती दर महिन्याला कराचे पैसे बाजूला ठेवत होती. या वर्षी म्हणाली, आता रीतसर भरूया, मागचेही भरूया. करसल्लागाराकडे गेलो. त्याने बँकेचा उतारा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मुलीला उत्पन्नच नाही. तिला मामा आहे."

खारू हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

सल्लागाराने समजावून सांगितलं ते असं. कमाई दाखवून कर भरला, तर बँकेतला कागद खोटा ठरतो; कमाई दाखवली नाही, तर तिने कर लपवला. दोन्ही कागदांवर सही तिचीच. आम्ही महिनाभर नुसता विचार करत राहिलो, आणि बँकेचंच पत्र आलं: नियमित येणाऱ्या रकमांची पडताळणी होईपर्यंत खात्यातून व्यवहार बंद. चार महिने झाले. पैसे येतात, बाहेर पडत नाहीत. खारू रोज सकाळी खातं उघडून बघते आणि बंद करते. दुसऱ्या बँकेत गेलो. त्यांनी आधीचं खातं कुठे आहे विचारलं, यंत्रात पाहिलं आणि अर्ज परत दिला. घर माझ्या पगारावर चाललं आहे, तो प्रश्न नाही. पण या महिन्याच्या एकतीस तारखेपर्यंत चालणारं खातं दिलं नाही, तर कंपनी तिचं काम दुसऱ्या कुणाला देणार आहे. तसं सौम्य भाषेत कळवलं आहे त्यांनी. 'आम्हाला वाईट वाटतं' असंही लिहिलंय.

बँकेचे अधिकारी मला म्हणाले, "मॅडम, भावाची एक सही आणा, ओळखपत्राची प्रत आणा. आठ दिवसांत मोकळं करतो." दुसरा रस्ताही त्यांनीच सांगितला. चूक लेखी कबूल करायची, करार आणि सगळी बिलं लावायची, मग प्रकरण वरच्या कार्यालयात जाणार. तिथे किती दिवस, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. शिवाय तीन वर्षांच्या कराचा दंड.

आता तुला वाटेल, सही मागायला नऊ वर्षांनी बहीण आठवली. तुझं बरोबर आहे. तसं पत्र मी लिहिलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. 'फक्त एक सही' हे शब्द दोन्हींत होते. दुसरं पाकिटात घालून पत्ताही लिहिला होता. ते टाकलं नाही याचं श्रेय माझं नाही.

गुरुवारी मी शाळेत असताना बँकेचा पडताळणीचा माणूस घरी आला. खारूच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे दार आईने उघडलं. खारू बाहेर आली तोवर आईने त्याला खुर्ची आणि पाणी दिलं होतं.

"आजी, हे पैसे कोण पाठवतं?"

"माझा थोरला," आई म्हणाली. "दर महिन्याला. एकदा चुकला नाही. वडील गेले तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले रे. पण त्याने मनात ठेवलं नाही. न सांगता भाचीचं बघतो." वर त्यालाच विचारलं, "तू पाठवतोस का आईला?" तो म्हणाला, पाठवतो. त्याने लिहून घेतलं, आईने खाली सही केली.

पहिल्या महिन्याची बँकेची पावती टेबलावर राहिली होती, पाठवणारा म्हणून तुझं नाव असलेली; ती आईने भिंग लावून वाचली होती. तीन वर्षं त्याबद्दल मला बोलली नाही. का? तर मी काहीतरी टाकून बोलेन आणि तू पाठवायचं थांबशील! तुझा फोटो त्याच सुमारास कपाटातून पुन्हा शेल्फवर आला होता. मी रोज त्यावरची धूळ पुसत होते आणि विचारत नव्हते.

मला, खरं सांगते, संध्याकाळी हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. आईची साक्ष आहे, आता तुझी सही आली की संपलं. मी खारूला तसं म्हणालेही. "आजी खूश आहे, तुझं खातं सुटेल, कुणाचं काय बिघडतं?"

"माझं," ती म्हणाली. "यात मी कुठे आहे, आई?"

"अगं, कागदापुरतं."

"कागदापुरतंच तर सगळं आहे! तीन वर्षं मी लोकांना रडणं कसं ऐकू येतं ते लिहून दिलं. कागदावर काय? मामाच्या जिवावर बसून खाल्लं. उद्या घर भाड्याने मागितलं, कर्ज मागितलं, तर काय दाखवू? मामा? आणि हे सगळं तुझ्या त्या सुंदर अक्षरात."

मग ती आत गेली. 'दार आपटतं' असं तिने लिहिलं असतं; आपटलं मात्र नाही. हळूच लावलं.

दादा, इथपर्यंत लिहून मी उठले होते. कपडे वाळत होते ते काढले, घड्या केल्या. आता बसले आहे तर लिहितेच.

बाबांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तू पैसे पाठवले होतेस. ते मला मिळाले. तिसऱ्या दिवशी मी ते परत पाठवले, सोबत लिहिलं की माणूस हवा होता. ते तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे: आईला मी सांगितलं, 'त्याचं काही आलं नाही.' त्यावरूनच ती तुला फोनवर तसं बोलली. तू तेव्हा गप्प का राहिलास? मला वाचवायला की कंटाळून, हे मी नऊ वर्षं स्वतःला विचारते आहे. त्या पैशांनी फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. माझं मन राखायला म्हणाले असतील, तर तेही कळायचा मार्ग आता नाही.

म्हणजे तू पाठवलेले पैसे मी नाहीसे केले, आणि न पाठवलेले तुझ्या नावावर लावले. शाळेत एखाद्या क्लार्कने असं केलं असतं, तर मी त्याच्याशी बोलणंही टाकलं असतं.

कबुलीचा अर्ज काल चार वेळा लिहून पुरा केला. 'कागद मी भरला. खातेदाराने माझ्या सांगण्यावरून, न वाचता सही केली.' सही माझी. हे शाळेपर्यंत जाऊ शकतं, असं अधिकारी म्हणाले. जाऊ दे, असं शूरपणे लिहिणार होते, पण मला भीती वाटते. एकतीस तारीख यात गाठता येईल असं खारूलाही वाटत नाही. तिला वाचून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बिलं मी लावते. एकतीस आहेत."

तुझ्याकडे एकच मागणं. बँकेने तुला विचारलं तर 'मी काही पाठवलं नाही' असं स्पष्ट कळव. आमची दया येऊन कशावरही सही करू नकोस.

राहिली आई. तिने दिलेली साक्ष तिलाच, तिच्या हाताने, मागे घ्यावी लागेल. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. गुरुवारपासून मी तिच्यासमोर जेवते आणि उठते. आत्ता ती पलीकडे खारूला विचारते आहे, "मामाकडे आता थंडी पडली असेल ना गं?" खारू काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तुझा नंबर मी तिला देणार आहे. ती तुला फोन करेल की माझ्याशी बोलायची थांबेल, सांगता येत नाही. दोन्ही होईल बहुतेक.

तुझी,
जिने तुझं नाव विचारल्याशिवाय वापरलं ती
धाकटी

उद्या : बँक उघडायच्या आत आईला सांगणे.