सात चुका नव्याने येणाऱ्यांसाठी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त संगणक प्रोग्रामर. पुढच्या बुधवारी हृदयाची शस्त्रक्रिया असली तरी डोकं ठिकाणावर आहे, आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. आधीचं रद्द समजावं. ते मी कोणाला दाखवलंही नव्हतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाच्याला. पोरगा गुणी आहे, फक्त हट्टी. आमच्याच वळणावर गेलाय.

२. माझ्याजवळच राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, दिसत नाही. तिच्यासाठी मी औषधांच्या पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम लिहिला. नऊ वर्षं कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. अगदी चकाचक झाल्यावरच तो सर्वांसाठी खुला केला, कोणीही वापरावा, कोणीही त्यात सुधारणा करावी असा. लोक आले, वाहवा करून गेले. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, थांबतील कशाला? पुढे पाकिटं बदलली, मी एकटी पुरी पडेना, प्रोग्राम बंद पडला. त्याच आठवड्यात बहिणीने चुकीची गोळी घेतली. ती वाचली, पण ते मला अजून खातं.

३. मग त्याच कामासाठी दुसरा प्रोग्राम लिहायला घेतला, तो पंधराव्या दिवशीच खुला केला. त्याला जेमतेम चार पाकिटं वाचता येत होती. एका अनोळखी औषधविक्रेतीने लिहिलं, 'मॅडम, हा मुदतीचा दिवस आणि महिना उलटसुलट वाचतो. मी दुरुस्त करू का?' आज एकतीस जण त्यावर राबतात. त्याचा ताबा तिच्याकडे आणि भाच्याकडे मिळून राहील.

४. भाचा म्हणतो, 'मावशी, आधी सगळं नीट करू, मग आणखी बाहेरच्यांना आत घेऊ.' बाळा, मी नऊ वर्षं हेच केलं. या दुसऱ्या प्रोग्रामच्या दुरुस्त्यांच्या यादीत सात बारीक चुका आहेत, त्यांना तू हात लावायचा नाहीस. त्या मी नव्याने येणाऱ्यांसाठी राखून ठेवते. पहिल्या दिवशी हाताला काम मिळालं, तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

५. 'अर्धवट काम दाखवायचं नसतं,' असं शिकवणाऱ्या माझ्या जुन्या साहेबांना काही देऊ नये. मागितलंच, तर पहिल्या प्रोग्रामची प्रत द्यावी.

पुरवणी : हा मसुदा कच्चा असतानाच मी साक्षीदारांना वाचायला दिला. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांनी चष्मा काढून विचारलं, 'ताई, घर पोराला दिलंत. बहिणीने कुठे राहायचं, ते कुठे लिहिलंय?' तीनदा वाचूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. तर कलम एकला जोडावं : माझी बहीण हयात असेपर्यंत तिला या घरात राहण्याचा हक्क राहील, तिच्या संमतीशिवाय घर विकता येणार नाही.

सही : बहिणीची ताई
ठिकाण : आमचं जेवणाचं टेबल
दिनांक : १४ मार्च, सकाळी अकरा
साक्षीदार : १. आमच्या डॉक्टरीणबाई
२. खालच्या मजल्यावरचे शिंपी, एका दुरुस्तीसह