शेड मी-१

३ मार्च
उजव्या हाताच्या बोटांवर पांढरा डाग. रंगाच्या दुकानात शेड मिसळणाऱ्याच्या हाताला डाग नसतील तर काय असेल! टर्पेंटाइनने घासला. जात नाही. क्वालिटी चांगली दिसते.

९ मार्च
बायकोने ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कोड आहे म्हणाल्या. केवढ्या मोठ्याने! बाहेर कोणी नव्हतं, पण असतं तर? संसर्गजन्य नाही म्हणे, शंभरात एखाद्याला असतंच, लाजायचं काय त्यात. कोडासोबत कधीकधी थायरॉइड, साखर असले आजारही निघतात, तेव्हा रक्त तपासून घ्या.
आमच्या दुकानात माणसं सहा. शंभर नाहीतच. म्हणजे हिशेबाने मला होणं शक्य नाही. तपासणी रद्द.

१० मार्च
निश्चय: कोणाला कळू द्यायचं नाही. बायकोलाही रंगाची ॲलर्जी असंच सांगितलं.  काल ती डॉक्टरीणबाईंसमोर शेजारीच बसली होती, हे नंतर आठवलं.

१६ मार्च
बायकोच्या क्रीममध्ये दोन थेंब तपकिरी, एक पिवळा. हुबेहूब! शेडचं नाव ठेवलं मी-१. लेक दारातून बघत होती. दुखतं का, म्हणाली. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, असं बजावलं. तिने मुकाट्याने मान हलवली. गुणी पोर.

१८ मार्च
शेड उन्हात बघितल्याशिवाय घेऊ नका, हे गिऱ्हाइकांना मीच सांगतो. स्वतःची मात्र ट्यूबलाइटखाली बघितली. दुकानाबाहेर आलो तर हात गाजरासारखा. तेवढ्यात एका कंत्राटदाराने हात मिळवला. त्याच्या पांढऱ्या बाहीवर मी-१ उमटला. मालक म्हणाले, अहो, कोड आहे ना, असू द्या की, आम्ही कधीपासून बघतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून हातमोजे.

२ एप्रिल
हातमोज्यांनी फार थकवा येतो. दुपारी डब्यांमागे डोळा लागतो. एवढ्या उकाड्यात पंख्याखाली थंडी वाजते. वजनही वाढलंय. बायको म्हणते थायरॉइड. मी म्हणतो हातमोजे. लेक हल्ली पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. चांगलं वळण लागलं.

११ एप्रिल
स्टुलावरून उठताना भोवळ आली. प्रायमरच्या डब्यासकट आडवा. मालकांनी स्वतः गाडीत घालून रक्त तपासायला नेलं. हातमोजा त्यांनीच काढला, बाहीही वर केली. नर्सने डागाकडे बघितलंसुद्धा नाही. जरा अपमानच वाटला.

१३ एप्रिल
थायरॉइडच निघाला. रोज सकाळी गोळी. घरात आणखी कोणाला डाग आहेत का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. छे, म्हणालो. छातीठोक.
संध्याकाळी लेक क्रीमची डबी घेऊन आली आणि तिने बाही वर केली. कोपरावर डाग. माझ्यापेक्षा मोठा. कधीपासून, विचारलं. महिना झाला म्हणाली. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, असल्या गोष्टी बोलायच्या नसतात ना, बाबा.
शरमेने मान वर होईना. तिने डबी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, मला थोडी फिकट लागेल.