रावसाचा म्हणून आणलेला डबा

मी, विद्युल्लता सत्यजित केळुसकर, वय सहासष्ट, राहणार डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे मृत्युपत्र कोणीही भरीस न घालता, स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरबाईंनी दिला आहे. माझी मुलगी पर्णिका हिचं मत वेगळं आहे, पण ते कागदावर नाही.

१. पनवेलचा फ्लॅट आणि दोन्ही देशांतल्या बँकांत जे काही असेल ते पर्णिकाचं. पोरी, माझ्याशी आयुष्यभर इंग्रजीतून भांडलीस, पण दवाखान्याच्या एकाही फेरीला मला एकटीला जाऊ दिलं नाहीस. हे मी तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

२. शारजाच्या रोला भागातली माझी खानावळ, भांडीकुंडी आणि मसाल्यांची वही तिथे माझ्या हाताखाली रांधणाऱ्या मुग्धाला. एकोणीस वर्षं तिने माझ्या तोंडाचा पट्टा सहन केला. तिरफळं मात्र अजून हात राखून घालते, तेवढं तिने सुधारावं.

३. गळाच्या चमच्यांचा निळा डबा. तो घरात कसा आला, हे सांगणं भाग आहे.

माझे यजमान दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. २००८ साली त्यांनी हा डबा आणला. आत गळ लावलेले पत्र्याचे रंगीत चमचे, माशाला भुलवायला बोटीमागे दोरीला बांधून ओढायचे. डब्यावर लिहिलेलं, सॅमन आणि ट्राउट. "अगं, सॅमन म्हणजे आपला रावस! मुंबईच्या हॉटेलांत इंडियन सॅमन लिहितात की नाही?" हे म्हणाले. अहो, तो मासा थंड मुलखातला, त्याचा आपल्या रावसाशी काय संबंध! भर खानावळीत मी डोळ्यांत पाणी येईतो हसले. दोन दिवस यांनी अबोला धरला.

तेव्हा आमच्या खानावळीत नेहमी जेवायला येणारा वली परकार मध्ये पडला. हा मूळ दाभोळचा, इथे पूर्व किनाऱ्यावर खोर फक्कान बंदरात एका अरबाची बोट चालवतो. म्हणाला, "काकी, हसू नका. माशाला इंग्लिश वाचता येतं कुठे?"

आणि आम्हा दोघांना डब्यासकट बोटीवर घेऊन गेला. जुलै होता. वरचं पाणी चहासारखं कोमट, सुरमई सगळी खाली गेलेली. वलीने दोरीला जड शिसं बांधलं. आधी एकेक चमचा बोटीच्या कडेला ओढून बघितला. "लचकला पायजे. गरगरला की खलास." लाल त्याने बाजूला टाकला, कारण खोल पाण्यात लाल काळा दिसतो. शेवटी एका बाजूला चेपलेला हिरवा निवडला आणि चाळीस मीटर खाली सोडला. अर्ध्या तासात दोरी अशी ताणली गेली, की हे जवळजवळ पाण्यातच जात होते! पुढे बारा उन्हाळे आम्ही तिघं दर शुक्रवारी गेलो. रावस एकदाही लागला नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे शुक्रवार त्या चुकीच्या डब्यातून निघाले, यांचे आणि वलीचे उपकार फिटायचे नाहीत.

४. २०२० साली हे गेले. त्यानंतर डबा उघडला तर हिरवा चमचा नाही. मी खोर फक्कानच्या धक्क्यावर चार माणसांसमोर वलीला चोर म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "काकी, घरात बघा नीट." तेव्हापासून पाच वर्षं आमचं बोलणं नाही. गेल्या महिन्यात इस्पितळाची बॅग भरताना यांच्या चष्म्याचं घर सापडलं. आत हिरवा चमचा, गळ काढलेला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि चिठ्ठी: "विद्युच्या किल्ल्यांसाठी."

मी चुकले, साफ चुकले. माझ्या पश्चात डबा वलीला द्यावा, आणि ही माफी पर्णिकाने त्याला मोठ्याने वाचून दाखवावी.

कलम ४ मधलं शेवटचं वाक्य रद्द. खाली माझी सही. कारण: कच्चा मसुदा वाचून पर्णिका भडकली. "आई, दॅट्स काउअर्डली! तू मरेपर्यंत त्याने वाट बघायची?" तिनेच वलीला फोन लावला. मला वाटलं, येतोय कशाला. आज दुपारी दारात उभा! पर्णिका, मुग्धा, शेजारचा नीलेश आणि वकीलबाई असे चौघे हजर होते. चार माणसांसमोर बोलले होते, चार माणसांसमोरच हात जोडून मागे घेतलं. मला रडू आवरेना. तो म्हणाला, "काकी, उठा, चहा टाका." डबा मी त्याच्या हातात दिला. हिरवा चमचा त्याने घेतला नाही, माझ्या किल्ल्यांना अडकवून दिला.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई सांगतात. वलीला आता यातून काहीच मिळत नाही, त्यामुळे त्याची सही चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

विद्युल्लता सत्यजित केळुसकर
दुबई, २१ जून २०२५

साक्षीदार:
१. नीलेश मधुकर पाटणकर, डिस्कव्हरी गार्डन्स
२. वली इस्माईल परकार, खोर फक्कान. काकी शुद्धीत आहेत, मी बघितलं. पुढच्या वर्षी जुलैत बोटीवर येणार आहेत, इन्शाल्ला.