आमच्या विभागात राहतं कोण?

सोमवार, ३ मार्च

मिळाला! पाहणीसाठी आमचाच विभाग मला मिळाला! साहेब कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवत होते, मी आधीच हात वर करून मोकळी. घरोघरी जायचं – माणसं किती, वयं काय, कमाई काय. ज्या विभागात एकटी राहणारी म्हातारी माणसं जास्त, तिथे नवा दवाखाना! आई म्हणाली, "आण बाई लवकर. दोन बस बदलून जायचं म्हणजे अर्धा जीव वाटेतच जातो."

गुरुवार, ६ मार्च

पायांचे तुकडे पडलेत, पण काय मजा! खालच्या शिंपीकाकांनी सुईत दोरा ओवता ओवता सगळं घर सांगितलं. मुलगा इंजिनिअर, सून बँकेत. पगाराचा आकडा असा दणक्यात सांगितला की शेजारच्या मावशी गॅलरीत आल्या – "आमच्या लेकीचाही लिहून घे गं!" जिथे जावं तिथे हेच. आम्ही एवढे श्रीमंत आहोत, मला पत्ताच नव्हता!

मंगळवार, ११ मार्च

साहेबांनी आकडे पाहून चष्मा कपाळावर चढवला. "तुमचा भाग तरुण आहे की! शिवाय पैसेवाला. दवाखाना कशाला हवा?"

सकाळपासून फुशारकी मारत होते, खाडकन उतरली. आईला काय तोंड दाखवू?

बुधवार, १२ मार्च

सापडलं! सापडलं!!

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची सही राहिली होती म्हणून गेले. त्यांच्या घरात माणसं पाच – मीच लिहिलेली. बाईंनी कॉफीची बरणी पुढे केली. "एवढं झाकण उघडून दे गं. परवापासून हलत नाहीये."

पाच माणसांच्या घरात एक झाकण उघडायला कुणी नाही?

"बाई, मुलगे कुठेत?"

"एक परदेशात, एक राजधानीत. सुना त्यांच्याबरोबर. येतात की सुट्टीत."

"मग पाच का सांगितलीत?"

"म्हणजे? ते काय परके आहेत?" बाई चक्क रागावल्या.

जिना उतरून पळतच सुटले. शिंपीकाकांकडे तेच! मावशींची लेकही तिकडे दूर! बाहेरगावी गेलेल्या मुलांच्या जोरावर आख्खा विभाग तरुण आणि श्रीमंत झालाय. कुणी खोटं बोललं नाही. मीच विचारलं होतं ना – "घरात कोण कोण?" आता सगळी दारं पुन्हा!

शुक्रवार, २१ मार्च

नवा प्रश्न – "काल रात्री इथे कोण झोपलं होतं?" साधा प्रश्न, पण उत्तराला लोक किती वेळ घेतात! शिंपीकाकांनी मशीन थांबवलं. "मीच. आणखी कोण असणार?" मग लगेच – "पण पोराचं नाव खोडू नकोस हं."

नाही खोडलं. पुढे 'बाहेरगावी' असं लिहिलं आणि त्यांना दाखवलं.

सोमवार, ३१ मार्च

दवाखाना आम्हालाच!!! बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या जागी, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर! आईने गॅलरीत उभं राहून सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. आणि एवढ्यावर थांबलं तर ना – साहेबांनी माझी राजधानीतल्या मुख्य कचेरीसाठी शिफारस केली होती, ती मान्य झाली! कायमची नोकरी! साहेब म्हणाले, "तो प्रश्न आता सगळीकडे विचारायचा. तुम्हीच शिकवा सगळ्यांना."

आई म्हणाली, "जा खुशाल. माझी कसली काळजी? दवाखाना आला ना आता."

नाचावंसं वाटतंय!

सोमवार, १४ एप्रिल

गाडीत लिहितेय. निघताना बॅग दाराशी होती, तेवढ्यात माझ्या जागी आलेली मुलगी फेरतपासणीला आली. पहिलं घर आमचंच. बॅग पाहून तिने प्रश्न जरा बदलून विचारला – "आज रात्री इथे कोण झोपणार?"

आई म्हणाली, "दोघी. मी आणि माझी लेक."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी बॅग उचलली आणि जिना उतरले.