भोंग्याच्या मुलाला

प्रिय धाकट्या,

तू बाबांना माफ केलंस, हे मला टीव्हीवरून कळलं. परवा संध्याकाळी दुकान बंद करून मी आईकडे गेले होते. ती मटार सोलत होती, मी शेजारी बसून मदत करत होते, आणि समोर तुझी मुलाखत चालू होती. निळा कोट शोभत होता तुला. निवेदिकेने आवाज मऊ करून वडिलांबद्दल विचारलं. तू खाली पाहिलंस, जरा थांबलास आणि म्हणालास, "त्यांच्याकडून चूक झाली. पण मी त्यांना केव्हाच माफ केलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. अरे, मी तुझं नाक पुसलंय, तुझ्यासाठी शाळेत जाऊन भांडलेय, तू माझी सायकल मोडलीस तेव्हाही तुला पाठीशी घातलंय. पण इतका संताप मला तुझा आजवर आला नव्हता. तेव्हा हे पत्र गोड असणार नाही. दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच.

ज्यांना तू माफ केलंस ते कोण होते, हे तू विसरला असशील तर आठवण करून देते. जन्मभर बस आगारात इंजिनांच्या आवाजावर ओरडून ओरडून ज्यांचा घसा लोखंडाचा झाला होता, ते आपले बाबा. घरी साधं मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. व्हॉलीबॉलमधलं त्यांना सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हतं. तू शाळेच्या संघात आलास म्हणून ते बघायला लागले, आणि तुला क्लबने घेतल्यावर तर हॉलचा तो उत्तरेकडचा कोपरा म्हणजे त्यांचं दुसरं घर झालं. तिथेच त्यांना "भोंगा" हे नाव पडलं. भोंगा वाजला की अख्खा कोपरा उठायचा. बेकरीवाली आणि तिचा नवरा, झेंडे शिवणारा शिंपी, तिकीट खिडकीवरची ती जाड चष्म्याची बाई, आगारातले चार मित्र. हरलेल्या दिवशीसुद्धा हे लोक तुमच्या बसमागे टाळ्या वाजवत चालायचे. आई मात्र कधी आली नाही. "टप्पे मारायचे पैसे मिळतात आणि ते बघायचे द्यावे लागतात, छान धंदा आहे," असं म्हणायची, आणि सामन्याच्या दिवशी बाबांसाठी मधाचं गरम पाणी थर्मासमध्ये भरून द्यायची.

साथीच्या बातम्या यायला लागल्या होत्या तेव्हाचं आठव. शेजारच्या शहरात शाळा बंद झाल्या होत्या. फुटबॉलवाल्यांनी आपले सामने पुढे ढकलले होते. तुमच्या लीगमध्ये मात्र बैठकांवर बैठका चालल्या होत्या, आणि निर्णय होईपर्यंत हॉल भरून घ्यायचा असं तुमच्या मॅनेजरने ठरवलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी तू मोबाइलवर एका व्हिडिओत बोलताना दिसलास, संघाची जर्सी घालून, हसत हसत. घाबरू नका, हात धुवा आणि या, आम्हाला तुमचा आवाज हवाय. तो व्हिडिओ बाबांनी आगारातल्या झाडून सगळ्यांना पाठवला. मी त्यांच्याशी कडकडून भांडले. म्हटलं, खिडक्या बंद असलेला हॉल, हजारो माणसं तोंडं उघडी टाकून ओरडणार, तुमचं वय काय. ते म्हणाले, पोरगा मला हाक मारतोय आणि मी घरात बसू?

जिंकलात तुम्ही. शेवटच्या गुणानंतर तू थेट कोपऱ्याकडे धावलास, कठडा ओलांडून वर चढलास आणि बाबांच्या गळ्यात पडलास. मग सगळ्यांच्याच. शिंप्याने तुला उचललं, बेकरीवालीच्या नवऱ्याने तुझ्या गालाचा मुका घेतला. तो फोटो सगळीकडे छापून आला होता. बाबा घरी आले तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता, पण गप्प बसतील तर ते बाबा कसले. हातवारे करून सांगत होते. आईला म्हणाले, काय तापलं होतं पोराचं अंग, भट्टीसारखं, जीव तोडून खेळतो म्हणजे असं. किती कौतुकाने सांगितलं होतं त्यांनी. तेव्हा आम्हीही कौतुकानेच ऐकलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते क्लबच्या अतिथिगृहात बसून पाहिलंस. आम्ही घरात पाहिलं. आधी बाबा आजारी पडले, मग एकेक करून कोपरा. इस्पितळात मला काचेपाशीसुद्धा जाऊ दिलं नाही. ज्या माणसाचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा, त्याच्या तोंडात नळी होती. बाबा गेले. शिंपी गेला, बेकरीवालीचा नवरा गेला, ती तिकीटवाली गेली. तू अंत्यविधीला आला नाहीस यावर मी एक शब्दही बोलणार नाही. तेव्हा कुणालाच कुणाकडे जाता येत नव्हतं. बाबांना निरोप द्यायला मी आणि गाडीचा ड्रायव्हर, एवढेच होतो. तुझ्याबद्दल क्लबने सांगितलं होतं की तुझा खांदा दुखावलाय.

आणि मग क्लबचं ते निवेदन आलं. काही बेजबाबदार प्रेक्षकांनी साथीच्या भागातून प्रवास करून हॉलमध्ये संसर्ग आणला, म्हणून उत्तरेचा कोपरा कायमचा बंद. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच काय होती? सामन्याआधीच्या आठवड्यात बाबा शेजारच्या शहरात आत्याला भेटून आले होते, हे सगळ्या आगाराला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, "भोंग्याने पसरवली साथ". आत्याच्या घरात कुणाला साधी शिंकसुद्धा आली नव्हती, हे विचारायला एकही पत्रकार आला नाही. आपल्या फाटकावर कुणीतरी काळ्या रंगाने "खुनी" लिहिलं. मी ते घासून काढलं, पण नीट बघितलं तर अजून दिसतं. माझ्या दुकानात चष्मा करायला टाकलेली माणसं तो न्यायला येईनात.

या सगळ्यातलं सगळ्यात वाईट तुला कुणी सांगितलं नसेल, ते मी सांगते. आई माफी मागत फिरली. निर्बंध जरा सैल झाल्यावर ती शिंप्याच्या घरी गेली, तिकीटवालीच्या मुलीकडे गेली, आणि बेकरीत गेली. मी तिच्या मागे उभी होते. बेकरीवाली पाव बांधत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या माणसाने माझा माणूस नेला." आईने हात जोडले आणि म्हणाली, "हो." एवढंच. गिऱ्हाइकं बघत होती. घरी आल्यावर आईने बाबांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. ज्याच्याबरोबर सगळं आयुष्य काढलं त्याचं तोंड तिला बघवेना, कारण तिला खरंच वाटत होतं की तो आपल्या घरासकट चार घरं उजाड करून गेला. फोनवर हे मी तुला सांगितलं होतं. तू बराच वेळ काही बोलला नाहीस. मला वाटलं, रडतोयस.

नंतर तुमचे रिकाम्या हॉलमधले सामने सुरू झाले. खुर्च्यांवर कापड, पंच मास्क लावून, आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना सुनंसुनं वाटू नये म्हणून क्लबने जुन्या सामन्यांतला प्रेक्षकांचा गलका ध्वनिक्षेपकावर लावला. पहिल्याच सेटमध्ये बाबांचा आवाज आला. "उठा रे!" मग सगळा कोपरा. आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली आणि दारात थबकली. ज्या माणसाला हॉलमधून हाकललं, ज्याच्या नावाला काळं फासलं, त्याच्याच गळ्यावर तुमचा धंदा पुन्हा सुरू झाला होता, फुकटात. तू त्या वेळी सर्व्हिस करत होतास. चेंडू जाळ्यात गेला. समालोचक म्हणाला, सराव कमी पडतोय. मी म्हटलं, बिचारा, त्याच्या काळजात काय झालं असेल. हो, मी तुझी कीव केली होती.

तुमचे मालिशवाले काका मागच्या महिन्यात माझ्या दुकानात आले. क्लबने त्यांना काढून टाकलंय, ते तुला माहीत असेलच. नंबर वाढलाय म्हणाले. मी त्यांना तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं आणि थांबले. मला वाटलं, दिसत नाहीये. भिंग बदललं. तर ते म्हणाले, "पोरी, त्या दिवशी त्याला ताप होता. मी हात लावला आणि चटका बसला." मग तसेच अंधारात सगळं बोलले. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, हॉल भरलाय, तिकडे सगळे याच्यासाठी आलेत. तुला गोळ्या दिल्या, आणि तू म्हणालास, खेळतो. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. तापात खेळणारा तू पहिला नाहीस, आणि तो ताप कसला हे तेव्हा तुला ठाऊक नव्हतं असंही मी मानते. पण पुढे काका म्हणाले की कोर्टवर जाताना तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "बाबांना सांगू नका. ते मला खेळू द्यायचे नाहीत."

म्हणजे तुला माहीत होतं की ज्याला सामन्यापेक्षा तू मोठा वाटतोस असा माणूस त्या हॉलमध्ये एकच आहे. त्याच्यापासून लपवलंस, आणि सामना संपल्यावर जाऊन त्याच्याच गळ्यात पडलास. अतिथिगृहात तुझी साथीची तपासणी झाली, निकाल तुला कळला, आणि क्लबने खांदा म्हटलं तेव्हा तूही खांदा म्हणालास. मथळा छापून आला तेव्हा गप्प. फाटकावर "खुनी" लिहिलं तेव्हा गप्प. आई बेकरीत हात जोडून "हो" म्हणाली, हे मी तुला सांगितलं तेव्हाही गप्प. तुझा करार जाईल, संघातून काढतील, लोक थुंकतील, ही सगळी भीती मला समजते रे. भिऊन गप्प बसलेल्या माणसावर मी इतकी चिडले नसते. म्हणून तर महिनाभर मीही गिळून बसले होते, वाट बघत होते की तू स्वतः फोन करशील. पण तू गप्प राहिला नाहीस. तू बोललास. निळा कोट घालून सगळ्या जगासमोर बोललास, आणि आपली चूक मेलेल्या बापाच्या गळ्यात बांधून वर त्याला माफ केलंस. हे करायला तुला कुणी सांगितलं? त्या निवेदिकेने? तिने तर फक्त विचारलं होतं.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. परवा मुलाखत संपल्यावर आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, बघ, किती मोठ्या मनाचा आहे. तेव्हा मला राहवलं नाही. काकांनी सांगितलेलं सगळं मी तिला तिथेच सांगितलं. तिने मटार पुरे सोलले. टरफलं उचलली. मग उठून कपाट उघडलं, बाबांचा फोटो काढला, पदराने पुसला आणि कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. काल सकाळी तिने मला बोलावून घेतलं आणि हे पत्र लिहायला लावलं. मी म्हटलं, फोन कर, तुझा मुलगा आहे. म्हणाली, "फोनवर तो रडेल, आणि मी असू दे म्हणेन. मला असू दे म्हणायचं नाहीये." तर तिचा निरोप असा. रविवारी हॉल पुन्हा उघडतोय, सामन्याआधी तुझा सत्कार आहे आणि तुझ्या हातात माईक देणार आहेत. आई येणार आहे. जन्मात पहिल्यांदा. बेकरीवाली, शिंप्याची बायको, तिकीटवालीची मुलगी, सगळ्यांना तिने स्वतः जाऊन बोलावलंय. का, ते सांगितलेलं नाही. काकांना आणि मला तिने शपथ घातलीय की तुझ्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही. तू बोललास आणि लोक अंगावर धावून आले, तर ती तुझ्यापुढे उभी राहील आणि तिथून तुला घरी घेऊन येईल, असं तिने सांगायला सांगितलंय. तू बोलला नाहीस, तर ती काही न म्हणता उठून एकटी परत येईल, आणि तिच्यापुरता विषय संपेल. हा झाला आईचा निरोप. मी तिच्याएवढी मोठी नाही. तू तिच्याबरोबर आलास तर मी दार उघडेन की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इतकं होऊनही तुझीच,
ताई