दुकानातला फोटो काढा

नागपूर, रविवार

बाबा, तुम्हाले अन् आईले रीनाचा जय भीम.

मी बरी आहे. मेसमध्ये भात मिळते, घरच्यासारखा नाही एवढंच. तुमच्या डोळ्याची आग थांबली का? ट्रकवर नंबर रंगवताना डोळे पेंटच्या फार जवळ नेत जाऊ नका.

फोनवर तुम्ही स्पीकर लावता अन् आपली धाकटी शालू ऐकते, म्हणून लिहून राहिली.

मी साडी नेसून फळ्याजवळ उभी आहे, तो फोटो तुम्ही दुकानात लावला. आपल्या लाखनीत ज्याले त्याले सांगता, पोरगी चित्रकलेच्या कॉलेजात मॅडम झाली. बाबा, त्या दिवशी कॉलेजची तपासणी होती. कागदावर सात मास्तर आहेत. खरे दोघं होते, तेही आम्ही आल्यावर तीन महिन्यांत सोडून गेले. म्हणून आम्हा शिकणाऱ्या सात पोरींले साड्या नेसवल्या, गळ्यात मास्तरांची कार्डं घातली. पुतळे अन् पुस्तकं सकाळी टेम्पोतून आली, संध्याकाळी टेम्पोतूनच गेली.

तपासणीच्या साहेबानं विचारलं, "किती वर्षं झाली शिकवताना?" मी म्हटलं, "चार." आवाजही हलला नाही माझा. तेवढं मात्र इथं शिकली.

कॉलेज पास झालं. आता जाहिरातीतही माझाच फोटो आहे. तोच पाहून शालूनं इथला फॉर्म आणला ना?

भरू नका, बाबा. तिले ब्रश धराले तुम्हीच शिकवा. इथं तिले शिकवाले मीच आहे, अन् मले अजून कोणी शिकवलंच नाही.

तुमची मोठी,
रीना